सोमवार हलका ठेवा: खंबीर डोकं, बेताचा व्यायाम आणि गाणी यांची आठवडाभराची घडी

आपल्याकडे सगळे संकल्प सोमवारच्याच डोक्यावर ठेवतात. डाएट सोमवारपासून, जिम सोमवारपासून, साखर बंद सोमवारपासून, पहाटे पाचला उठणं पण सोमवारपासूनच, आणि वर त्याच दिवशी ऑफिसात आठवड्याची मीटिंग, मुलांची शाळा, धोब्याचा हिशोब आणि रविवारची तुंबलेली भांडी. मग बुधवारपर्यंत सगळं बारगळतं आणि आपण म्हणतो की माझ्यात विलपॉवरच नाही. विलपॉवरचा काही दोष नसतो हो, दोष वाटणीचा असतो. या लेखात जे सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच की सोमवार हा आठवड्यातला सगळ्यात हलका दिवस ठेवायचा, जड व्यायाम मंगळवार-गुरुवारवर टाकायचा, डोक्याची तयारी रविवारी संध्याकाळी करायची आणि गाणी ही जोश चढवायला नाही तर वेग ठरवायला वापरायची.

हे लिहिताना माझ्या डोळ्यासमोर नोकरी करणारा, ट्रेननं किंवा बाइकनं जाणारा, पस्तीस ते पन्नासमधला माणूस आहे. जिमचं कार्ड असलं तर ठीक, नसलं तरी काही अडत नाही. बीपी, शुगर, हार्टचा त्रास, गुडघ्याचं जुनं दुखणं यातलं काही असेल किंवा बरीच वर्षं काहीच हालचाल नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच पुढचं करा.

पायरी १: शनिवार-रविवारची झोप ताब्यात आणा

सोमवारी सकाळी जे जडत्व येतं त्यातलं निम्मं तर मनाचं नसतंच, ते झोपेचं असतं. समजा तुम्ही एरवी साडेअकराला झोपता आणि सहाला उठता, आणि वीकेंडला दोनला झोपून दहाला उठता. झोपेचा मध्य काढला तर एरवी तो पावणेतीनला पडतो आणि वीकेंडला सहाला, म्हणजे सव्वातीन तासांचा फरक. भारत आणि दक्षिण आफ्रिकेच्या घड्याळात साधारण एवढंच अंतर आहे (साडेतीन तास), म्हणजे तुमचं शरीर दर शुक्रवारी रात्री जोहान्सबर्गला जातं आणि सोमवारी पहाटे परत येतं, तेही तिकीट न काढता. जर्मनीतले टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली याला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. सुट्टीच्या दिवशी उठायची वेळ एरवीपेक्षा तासाभरापेक्षा जास्त पुढे नेऊ नका. शनिवारी रात्री जागलात तरी रविवारी सातपर्यंत उठा आणि राहिलेली झोप दुपारी भरून काढा, पण वामकुक्षी वीस-तीस मिनिटांची आणि तीनच्या आत संपणारी. मटणाचं जेवण हाणून साडेतीनला आडवं व्हायचं आणि सहाला उठायचं, मग रात्री बारापर्यंत झोप येत नाही म्हणून मोबाइल, हा आपला ठरलेला रविवार आहे आणि सोमवारची वाट तिथेच लागते. संध्याकाळचा चहासुद्धा बघा, कॅफिनचा निम्मा अंश रक्तातून कमी व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त, तेव्हा सहाची स्ट्राँग कॉफी अकराला अर्धी शिल्लकच असते.

उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात उजेडात जा. गॅलरी, गच्ची, दूध आणायला खाली, कुठेही. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं आणि घरातला ट्यूबलाइट त्याला पुरत नाही.

पायरी २: रविवारी सहा-सातच्या सुमारास चिठ्ठी लिहा

रविवारी संध्याकाळी जो पोटात गोळा येतो तो बहुतेक वेळा कामामुळे येत नाही, काम नक्की काय आहे हे डोक्यात धूसर असतं म्हणून येतो. मोबाइलमध्ये नको, कागद घ्या. त्यावर तीन गोष्टी लिहायच्या: सोमवारी करायचीच अशी कामं, मंगळवारवर राजीखुशीनं ढकललेली कामं, आणि काळजी वाटतेय पण माझ्या हातात नाही अशा गोष्टी. पहिल्या भागात तीनच्या वर कामं नकोत, आणि ती नेमकी लिहा, ‘रिपोर्ट’ असं नाही तर ‘रिपोर्टमधले मार्चचे आकडे अकाउंट्सकडून मागवणे’ असं.

याला चांगला आधार आहे. टेक्सासच्या बेलर युनिव्हर्सिटीत मायकेल स्कलिन यांच्या टीमनं २०१८ मध्ये एक प्रयोग छापला, ५७ तरुण मंडळींना झोपेच्या लॅबमध्ये ठेवलं, निम्म्यांना झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहायला लावली आणि निम्म्यांना झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले, आणि ज्यांची यादी जास्त नेमकी ते अजून लवकर. नऊ मिनिटं म्हणजे फार नाही असं वाटेल, पण फुकट मिळणारी आहेत. आणि प्रयोग छोटा आहे, त्यामुळे त्याला ब्रह्मवाक्य मानू नका, करून बघा.

मी संध्याकाळी लिहा म्हणतोय, झोपताना नाही, कारण संध्याकाळी लिहिलं की त्यातलं काहीतरी लगेच करता येतं. कपडे इस्त्री करून ठेवणं, पास संपलाय का बघणं, बाइकमध्ये पेट्रोल, डब्याची भाजी निवडून ठेवणं. इथे एक सांगतो, राग आला तर येऊ द्या: घरातल्या एकाच बाईनं पाचला उठून सगळ्यांचे डबे भरायचे आणि बाकीच्यांनी त्या जोरावर शांत मनानं सूर्यनमस्कार घालायचे, असा बेत असेल तर तो बेत नाहीच. मेथी निवडायला कुणालाही येते. रविवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून वीस मिनिटं सोमवारची तयारी केली तरच सोमवार सकाळी सगळ्यांना वेळ मिळतो.

पायरी ३: ‘झालंच पाहिजे’ शोधा

खंबीर मन म्हणजे काय याबद्दल फार गोलमाल बोललं जातं. आरशात बघून मी जिंकणार म्हणायचं, निगेटिव्ह विचार करायचाच नाही वगैरे. त्याचा उपयोग दहा मिनिटं टिकतो, पहिली ट्रेन चुकेपर्यंत. त्यापेक्षा खूप पक्कं हत्यार आपल्याकडे मराठीत उपलब्ध आहे आणि ते म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती शिकवली, मराठीतून लिहिली, आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं ती घराघरात नेली. ठाणे-डोंबिवलीकडे तर चहाच्या टपरीवर पण कोणीतरी ‘तुझी धारणा तपास’ असं म्हणताना सापडेल.

तिचं साधं सूत्र ए-बी-सी. ए म्हणजे घटना, बी म्हणजे त्या घटनेबद्दलची आपली धारणा, सी म्हणजे त्यातून येणारी भावना आणि वागणं. आपण समजतो ए मुळे सी होतं. एलिस म्हणतात मधला बी बघा.

सोमवारचं उदाहरण घेऊ. साडेदहाच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की हे अजून का झालं नाही. ही झाली घटना. त्यानंतर दिवसभर डोकं तापलेलं, जेवण गेलं नाही, घरी येऊन मुलावर ओरडलो, हा झाला परिणाम. मधे काय होतं? ‘त्यांनी मला चारचौघात असं बोलायलाच नको होतं’, ‘माझी पार अब्रू गेली’, ‘हे मला सहन होत नाही’, ‘मी म्हणजे बिनकामाचा’. चारही वाक्यं नीट बघितली तर एकात हट्ट आहे, एकात संकटाला मोठं केलंय, एकात आपली सहनशक्ती कमी लेखलीय आणि एकात एका कामावरून अख्ख्या माणसाला मार्क दिलेत. एलिस यांच्या पद्धतीत बहुतेक त्रास या चारांतूनच येतो असं मानतात, आणि त्यातही मूळ पहिल्यात, त्या ‘च’ मध्ये.

आता या वाक्यांशी भांडायचं. हे असं व्हायलाच नको असा नियम कुठे लिहिलाय? खरंच अब्रू गेली की दहा मिनिटं वाईट दिसलं? सहन होत नाही म्हणतोय पण आत्ता बसून सहन करतोच आहे ना? आणि मग दुसरं वाक्य बनवायचं: ‘त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मला आवडलं असतं, तसं झालं नाही, वाईट वाटलं, पण याचा अर्थ मी निकामी असा होत नाही.’ लक्षात घ्या, इथे छान-छान वाटायचं नाहीये. वाईट वाटणारच आहे. संतापाच्या जागी नाराजी आली आणि धास्तीच्या जागी काळजी आली की झालं, कारण नाराज माणूस संध्याकाळी साहेबांशी शांतपणे बोलू शकतो, संतापलेला नाही बोलू शकत.

रविवारच्या चिठ्ठीच्या मागे सोमवारची एक संभाव्य घटना आणि तिच्याबद्दलचा आपला ‘च’ लिहून काढा. एकच. पाच मिनिटांचं काम आहे, पण हे आधी केलेलं असलं की प्रसंग आला तेव्हा डोकं नव्यानं शोधायला जात नाही.

पायरी ४: जर-तर बांधून ठेवा

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये अशा जर-तरच्या बेतांवर एक गाजलेला निबंध लिहिला आणि त्यानंतर त्यावर खूप काम झालंय. नुसतं ‘मी व्यायाम करेन’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं ठरवणारा जास्त वेळा ते पार पाडतो. सोमवारसाठी मला पटलेली काही वाक्यं अशी:

जर गजर बंद करून परत आडवा झालो, तर व्यायाम रद्द करणार नाही, फक्त दहा मिनिटांचा करेन.
जर ट्रेन लेट झाली, तर घरी फोन करून चिडचिड ऐकवण्याआधी एक गाणं पूर्ण ऐकेन.
जर मीटिंगमध्ये सुनावलं गेलं, तर लगेच उत्तर न देता पाण्याचा एक घोट घेईन आणि मगच बोलेन.
जर पाऊस असेल, तर जिन्यावर किंवा घरातल्या घरात चालेन.

पावसाचं वाक्य मुंबई-कोकणवाल्यांनी विसरू नका, जून ते सप्टेंबर चार महिने ‘आज पाऊस आहे’ या एका कारणावर जातात. वाक्यं दोन किंवा तीनच निवडा, दहा लिहिली तर एकही आठवत नाही.

पायरी ५: सोमवार सकाळ, तीस मिनिटं

आता मुख्य भाग. सोमवारी जिममध्ये जाऊन बघा, बेंचला रांग असते कारण अख्ख्या जगात सोमवार म्हणजे छातीच्या व्यायामाचा दिवस, आणि गुरुवारी तीच जिम रिकामी. आरंभशूरपणा दिसायला एवढी दुसरी जागा नाही. शिवाय जड व्यायामानंतरचं स्नायूंचं दुखणं साधारण चोवीस ते बहात्तर तासांत सगळ्यात जास्त असतं, म्हणजे सोमवारी उत्साहाच्या भरात शंभर बैठका मारल्या की मंगळवार-बुधवारी दादरचा पूल उतरताना कठडा धरावा लागतो, आणि आठवडा तिथेच संपतो.

म्हणून सोमवारी फक्त एवढं करा.

पहिली पाच मिनिटं अंग सोडवायला. मान, खांदे, कंबर, घोटे फिरवा, मांजरासारखी पाठ वरखाली करा, घाई नाही.

मग पाच मिनिटं सूर्यनमस्कार, चार ते सहा, संथ. सूर्यनमस्कारांना व्यायाम म्हणून घरोघरी पोचवण्यात साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यांनी शाळांमधून तो चालू केला, तेव्हा हा आपल्या मातीतला प्रकार आहे. पण रथसप्तमीला एकशे आठ घातले म्हणून सोमवारी पण तेवढेच, असं नको. सोमवारच्या नमस्कारात प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास घ्या. मनगट दुखत असेल तर मुठी आवळून टेका, कंबर दुखत असेल तर भुजंगासनात अर्धंच उठा.

मग वीस मिनिटं चालणं, बाहेर, उजेडात. वेग किती? त्यासाठी घड्याळ नको, गळा पुरतो. चालताना गाणं गुणगुणता आलं पाहिजे, हा सोमवारचा वेग. बोलता येतंय पण गाता येत नाही, हा मध्यम वेग, तो बुधवारसाठी ठेवा. दोन शब्द बोलून थांबावं लागतंय म्हणजे जोराचा. ही चाचणी डॉक्टर आणि ट्रेनर मंडळी खरंच वापरतात, आणि मला ती स्मार्टवॉचपेक्षा जास्त भरवशाची वाटते कारण तिला चार्जिंग लागत नाही.

सकाळी वेळच नसेल तर हेच चालणं तोडून करा. स्टेशनपर्यंत रिक्षा न करता दहा मिनिटं, ऑफिसच्या आधीच्या स्टॉपला उतरून दहा. २०२० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्ये सलग दहा मिनिटं व्हायलाच हवीत ही जुनी अट काढून टाकलीये, त्यामुळे पाच पाच मिनिटंसुद्धा धरली जातात.

पायरी ६: बाकीचा आठवडा कसा वाटायचा

त्याच सूचनांनुसार मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला हवा. पासष्टच्या पुढे तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यात तीन दिवस. आपल्याकडे चालणारे खूप आहेत पण ताकदीचं नाव काढलं की ‘मला काय पैलवान व्हायचंय’ म्हणतात, आणि मग साठीत भारतीय बैठकीवरून उठताना हात टेकायला भिंत शोधतात.

माझी वाटणी अशी: सोमवारी वीस मिनिटं संथ, बुधवारी चाळीस मिनिटं झपाझप, शुक्रवारी तीस मिनिटं, शनिवारी साठ मिनिटं टेकडी किंवा लांब फेरफटका. झाली दीडशे. मान्य की सोमवारची वीस थोडी हळू आहेत, ती शनिवारच्या चढावर वसूल होतात. रविवार मोकळा.

मंगळवार आणि गुरुवार ताकदीचे, प्रत्येकी तीस मिनिटं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सूर्यनमस्कार आणि जोर-बैठका मिळून ढकलणं, वाकणं, बसणं-उठणं होतं, पण ओढणं जवळजवळ होतच नाही. आणि दिवसभर लॅपटॉपवर खांदे पुढे झुकलेल्या माणसाला नेमकी ओढण्याचीच गरज असते. घरी करायचं तर पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं किंवा पाण्याच्या बाटल्या भरा, एक हात खुर्चीवर टेकून पाठ सरळ ठेवून वाका, आणि दुसऱ्या हातानं सॅक कमरेपर्यंत ओढा, विहिरीतून बादली ओढल्यासारखी, कोपर मागे जाऊ द्या. प्रत्येक बाजूला दहा-बारा वेळा.

बाकीचं: बैठका दहा-बारा (जमत नसेल तर खुर्चीवर बसून उठणं), जोर आठ-दहा (जमिनीवर जमत नसतील तर ओट्याला किंवा भिंतीला हात लावून), पाठीवर झोपून कंबर उचलणं बारा वेळा, प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं) वीस ते तीस सेकंद, आणि शेवटी दात घासताना उभं राहतो तसं एका पायावर तीस सेकंद, मग दुसऱ्या. ही सगळी फेरी दोनदा. अजून दोन मारता आले असते असं वाटतं तिथे थांबायचं, तोंड वाकडं होईपर्यंत करायचं नाही. दोन आठवडे सोपं गेलं की एखाद-दोन वाढवा किंवा सॅकमध्ये एक बाटली जास्त. छातीत दुखणं, चक्कर, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं तर तिथल्या तिथे थांबा आणि लगेच दवाखाना गाठा, ‘गॅस असेल’ म्हणून घरी बसू नका.

पायरी ७: गाण्यांची शिडी

गाण्यांबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. एक म्हणजे आवडतं गाणं गजराला लावतात, महिन्याभरात त्या गाण्याचा पहिला सूर ऐकला तरी अंगावर शहारे येतात. गजराला कुठलाही नावडता टिंगटाँग लावा. दुसरं म्हणजे डोळे उघडल्या उघडल्या ढोल-ताशा.

म्युझिक थेरपीत एक जुनं तत्त्व आहे, माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिथून संगीत सुरू करायचं आणि हळूहळू जिथे न्यायचंय तिकडे सरकायचं. झोपाळलेल्या, वैतागलेल्या माणसावर एकदम डीजे सोडला तर तो अजून वैतागतो. म्हणून सोमवारची यादी तीन-चार टप्प्यांची करा: पहिलं संथ, दुसरं मध्य लयीतलं, तिसरं चालायच्या वेगाचं, आणि हवं तर चौथं जोरदार.

लय मोजायला ॲप लागत नाही. पंधरा सेकंद पायानं ठेका धरा, जितके ठोके पडले त्याला चारनं गुणा. चालण्यात साधारण मिनिटाला शंभर पावलं म्हणजे मध्यम श्रम, एकशे तीसच्या आसपास म्हणजे जोराचे, असा ढोबळ हिशोब आहे. तेव्हा शंभरच्या आसपास ठोके असलेलं गाणं लावलं की पाय आपोआप त्या वेगाला येतात, कुणी सांगावं लागत नाही. सोमवारी गुणगुणता यायला हवं, तेव्हा नव्वदपासून चढत शंभरपर्यंत पुरे, बुधवारी एकशे दहा-वीस. भजनी ठेक्यातले अभंग यासाठी फार उत्तम, आठ मात्रांचा आवर्त, पावलं बरोबर पडतात, वारीत दिंडीबरोबर लोक दिवसभर चालतात त्यात टाळ-मृदंगाचाही हात असतोच. लेझीम, पोवाडे, कोळीगीतं, भांगडा, जे तुमच्या कानाला रुचेल ते, भाषेची अट नाही.

इंग्लंडचे कोस्टास कारागिओर्गिस यांनी व्यायाम आणि संगीतावर बरीच वर्षं संशोधन केलंय. त्यातून दिसतं की बऱ्याचशा व्यायामाला मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांचं संगीत मानवतं, त्याहून वेगवान केलं तर फायदा वाढत नाही. आणि हलक्या-मध्यम व्यायामात गाण्यामुळे श्रम कमी वाटतात, पण अगदी दमछाक होईपर्यंत पळत असाल तर शरीराची बोंब गाण्याच्या वर जाते, तिथे गाणं श्रम विसरवू शकत नाही. म्हणजे गाण्यांचा सगळ्यात जास्त फायदा सोमवारसारख्या हलक्या दिवशीच होतो. ताकदीच्या व्यायामात गाण्याच्या तालावर बैठका मारू नका, घाईत गुडघ्याची वाट लागते, तिथे गाणं नुसतं सोबतीला.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहेच. सकाळी भैरव, अहिरभैरव, थोडं उशिरा तोडी, बिलावल, संध्याकाळी मारवा, पूरिया, रात्रीच्या सुरुवातीला यमन, आणि अजून उशिरा बागेश्री, अशी वेळेची परंपरा आहे. ती परंपरा आहे, औषधाचं वेळापत्रक नाही, दुपारी यमन ऐकलात म्हणून काही बिघडत नाही. पण सवय म्हणून छान काम करते, कारण रोज ठरावीक वेळी ठरावीक रंगाचे सूर कानावर पडले की शरीराला ती खूण होऊन बसते. एकच अडचण: विलंबित ख्याल अर्धा-पाऊण तास चालतो आणि सोमवारी सकाळी तेवढा वेळ नसतो, मधेच बंद करावा लागला की उगाच चुटपुट लागते. तेव्हा विलंबित रविवारी संध्याकाळी, चिठ्ठी लिहून झाल्यावर, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. सोमवारी सकाळी द्रुत बंदिश, अभंग किंवा नुसती बासरी-संतूर.

ऐकण्यापेक्षा गाणं अजून भारी. तानपुऱ्याचं ॲप फोनवर मिळतं, आपल्या गळ्याला झेपेल ती पट्टी लावायची आणि दोन-तीन मिनिटं खालचा ‘सा’ लांबवायचा, श्वास संपेपर्यंत, मग शांतपणे परत घ्यायचा. श्वास सोडणं आपोआप लांबतं आणि छाती मोकळी होते. आवाज बेसूर असला तरी परिणाम तोच, फक्त दार लावून घ्या, शेजाऱ्यांचाही सोमवार असतो.

कानांची काळजी मात्र घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. लोकलच्या खडखडाटात आपण आवाज वाढवत वाढवत कुठे नेतो ते कळतही नाही. फोनची पट्टी साठ टक्क्यांच्या खाली ठेवा, कानात घट्ट बसणारे इअरफोन वापरा म्हणजे बाहेरचा आवाज दबतो आणि गाणं हळू ठेवता येतं. पण हे डब्यात बसल्यावर. रस्त्यावर एक कान मोकळा ठेवा, आणि रूळ ओलांडायचेच नाहीत, पूल आहे, तुमचं चालणंही होईल.

पायरी ८: ऑफिसातला सोमवार

यावर फार सांगण्यासारखं नाही. चिठ्ठीतलं पहिलं काम मेल उघडण्याआधी अर्धा तास करा, जमलं तर. लिहिण्या-वाचण्याच्या कामात शब्द असलेली गाणी अडथळा करतात, तिथे नुसतं वाद्यसंगीत किंवा शांतता. तासाला एकदा उठा. जेवल्यावर दहा मिनिटं चाला, टपरीपर्यंत जाऊन आलात तरी चालेल, फक्त तिथे वडापाव खाऊ नका असं मी म्हणणार नाही, खा, पण उभं राहून आणि एक.

अडलं तर

एखाद्या सोमवारी काहीच झालं नाही, तर मंगळवारी सोमवारचंच करा आणि ताकदीचे दिवस बुधवार-शुक्रवारवर सरकवा, ‘आता पुढच्या सोमवारपासून’ हे वाक्य घरातून हद्दपार. ताप असेल, अंगात कणकण असेल तर व्यायाम नाही.

शिफ्टमध्ये काम करणारे, नर्स, पोलीस, कंपनीतले, हॉटेलवाले, यांचा सोमवार कुठल्याही वारी येतो. सुट्टीनंतरचा पहिला दिवस तो तुमचा सोमवार, त्याच्या आदल्या संध्याकाळी चिठ्ठी. नाइट शिफ्ट असेल तर उजेडाचा नियम उलटा: उठल्यावर उजेड, घरी झोपायला येताना गॉगल आणि खोलीत जाड पडदे. आखातात किंवा युरोप-अमेरिकेत असलेल्यांनी थंडी-उन्हाप्रमाणे चालणं मॉलमध्ये किंवा घरात करावं, बाकी काही बदलत नाही.

आणि एक. दोन आठवड्यांच्या वर रोजच, नुसत्या सोमवारी नाही, मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा, त्यावर गाणी आणि नमस्कार एवढंच पुरेसं नाही. फॅमिली डॉक्टरांशी बोला, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटतोय असे विचार येत असतील तर सोमवारची वाट बघू नका, आजच फोन करा.